चौकीवरचा नकार

जयलक्ष्मीपुरमातल्या संताजीरावांच्या पणजोबांनी, खंडोजीरावांनी, राजवाड्याच्या दारावर चौकीला असताना एकदा हत्ती अडवला होता. हत्ती आतलाच, रोजच्या ओळखीचा. पण त्या दिवशी माहूत बरोबर नव्हता, आणि माहुताशिवाय हत्ती सोडायचा हुकूम नव्हता. घरातले सांगतात, की हत्ती निमूट मागे फिरला, माहुताला झोपेतून उठवून घेऊन आला आणि आत जाताना खंडोजीरावांना सोंड उचलून मुजरा करून गेला. शेजारचे गुंडेराव म्हणतात, हत्ती लाकडाचा होता. काही असो, त्या हत्तीने घराण्याला एक वळण लावून दिलं. विचारल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, आणि विचारलं तरी पहिलं उत्तर ‘नको’. ज्याचं काम खरं असेल तो पुन्हा विचारेल.

संताजीराव बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण घरची ही चौकी काही सुटली नाही. वर्गणीवाले, विमेवाले, केबलवाले, सगळ्यांना फाटकातून पहिला ‘नको’ मिळे. सख्खी भावजय सुप्रीता लग्नाची पत्रिका घेऊन आली, “येऊ का भावोजी?” म्हणाली, तर तिलाही ‘नको’. तिने पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. मग कॉफी, कोडुबळे, सगळं झालं. आपलं माणूस दुसऱ्यांदा विचारतं, असा त्या घरचा हिशेब होता.

संताजीरावांच्या बायकोने, वनजाबाईंनी, हे आयुष्यभर चालवून घेतलं, कारण त्यांना विचारावं लागतच नसे. त्यांचा आवाज कुंपणं, भिंती, बंद दारं असलं काही जुमानत नव्हता. त्यांनी परसातून “अहो!” म्हटलं, की तिकडे हेब्बाळला कंपनीच्या बसमधले चार पुरुष दचकून मागे बघत, असं गुंडेराव सांगत. गुंडेरावांचं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मंसुद्धा पुष्कळ होतं.

त्या आवाजाच्या मुळाशीच गाठ आली. आधी घसा बसला, मग बसलेलाच राहिला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: इथून इथपर्यंत सगळं काढावं लागेल. जीव वाचेल. बोलणं मात्र राहणार नाही.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी आभा हे ऐकून खाली आली. मूळची नाशिकची, हेब्बाळला नोकरी करणारी. तिच्या मित्रांनी एक प्रोग्रॅम तयार केला होता. माणसाने आधी शेकडो वाक्यं वाचून ठेवायची, मग त्यातून त्याचाच आवाज घडवता येतो. पुढे टाइप केलं की संगणक त्याच्या आवाजात बोलणार.

“म्हणजे मी गप्प झाले तरी ह्यांना शिव्या देता येतील?” वनजाबाईंनी विचारलं.

“येतील की काकू.”

“मग घाल ते आत.”

लॅपटॉप पुण्याच्या लेकीने, काव्याने, पाठवलेला. घरातली वस्तू घरधन्याच्या नावावर, या न्यायाने त्यात खातं होतं ते संताजीरावांचं आणि पासवर्डही त्यांचाच. आभाने प्रोग्रॅम बसवला, वाक्यं कशी वाचायची ते समजावलं आणि कंपनीची बस चुकू नये म्हणून पळाली.

तेव्हापासून वनजाबाई रोज सकाळी पडद्यासमोर बसत. एक वाक्य उमटे, त्या वाचत, हिरवी खूण येई, पुढचं वाक्य. वाक्यं सगळी पुस्तकी. “‘कृपया खिडकी उघडा’ म्हणे. असं कोण बोलतं हो?” असं म्हणून त्या तेही वाचत. वाचलेलं परत ऐकायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. “माझाच आवाज मला ऐकवू नका, अंगावर काटा येतो.” संताजीराव कॉफी देत आणि बाहेर जाऊन फाटकाशी बसत. घसा दिवसेंदिवस खरवडत चालला होता, पण हिरव्या खुणा येत होत्या, आणि त्या दोघांना तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात दाखल व्हायचं, त्या संध्याकाळी आभा सगळं गोळा करायला आली. तिने पहिलं वाक्य लावून पाहिलं. काही ऐकू आलं नाही. दुसरं लावलं. आवाज मोठा केला. पुढची एकामागून एक उघडत गेली. सगळीकडे सारखीच शांतता.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “मी एकदा तरी ऐकून बघायला हवं होतं. माईकच बंद आहे. पण बंद कसा राहिला?”

“बंद राहील कसा? प्रोग्रॅमनेच चालू करायचा ना?” संताजीरावांनी विचारलं.

“प्रोग्रॅमला तो अधिकारच नसतो, काका. माईक, कॅमेरा, तुमच्या फाइली, कशालाच तो आपण होऊन हात लावू शकत नाही. त्याने ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागायचं. सिस्टिम तुम्हाला विचारणार आणि तुम्ही सांगाल तसं करणार. पहिल्या दिवशी एक चौकट आली असेल बघा.”

संताजीरावांना ती चौकट आठवली. वनजाबाई तेव्हा चष्मा शोधत होत्या. पडद्यावर मधोमध विचारलेलं होतं, या प्रोग्रॅमला मायक्रोफोन वापरू द्यायचा का? प्रश्न नीट, अदबीने विचारलेला होता. त्यांना तो आवडलाही होता.

आभाने आपल्यावर घेतलेलं तसंच राहू देता आलं असतं. कोणी विचारलंही नसतं.

“आली होती,” ते म्हणाले. “मी ‘नाही’ दाबलं.”

“का पण?”

“पहिल्यांदाच विचारलं होतं तिने.” त्यांचे हात गुडघ्यांवर होते. “म्हटलं, काम खरं असेल तर पुन्हा विचारेल.”

“ती पुन्हा विचारत नाही, काका. एकदा नाही म्हटलं की तेच धरून बसते.”

“आणि प्रोग्रॅमला कळलं नाही? हिरव्या खुणा देत होता तो.”

“नाही कळलं. सिस्टिमने त्याला नुसती शांतता पुरवली. तो तीच जपून ठेवत गेला.”

वनजाबाई पाटावर बसून इस्पितळाची पिशवी भरत होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल घडी होता होता थांबला. त्या बोलल्या, आणि आवाज खोबरं खवतात तसा आला.

“म्हणजे एवढे दिवस मी भिंतीशी बोलले?”

त्यांनी टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला.

“अय्यो, मला सांगायचं तरी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी विचारलं असतं दुसऱ्यांदा.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संताजीरावांनी डॉक्टरांना फोन लावला. चार दिवस मिळतील का? डॉक्टर म्हणाले, नाही. सभ्यपणे, पण एकदाच म्हणाले.

आभाने खरं ते सांगून टाकलं. आता पूर्ण आवाज घडवता येणार नाही. तेवढी वाक्यंही होणार नाहीत आणि घसाही तो राहिलेला नाही. आज ज्या काही ओळी निघतील त्या तशाच्या तशा राहतील. बटण दाबलं की तेवढंच वाजेल, नवीन काही बोलता येणार नाही.

“स्वल्प तर स्वल्प,” वनजाबाई म्हणाल्या. “पण ते खिडकी उघडा बिडकी उघडा नको. मी माझं बोलते.”

“आणि काकू, तुमचं वेगळं खातं उघडते. काकांच्या नावावर नको.”

पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा संताजीरावांनी कोणी न सांगता भिंतीकडे तोंड केलं. मग ती चौकट पुन्हा आली, या वेळी वनजाबाईंच्या खात्यात. त्यांनी चष्मा लावला, प्रश्न मोठ्याने वाचला आणि बोट ‘हो’वर ठेवलं.

“जा आता बाहेर. सुम्ने, उगाच ऐकत उभे राहू नका.”

ते गेले. त्या संध्याकाळी जयलक्ष्मीपुरमाच्या त्या गल्लीत जी शांतता पडली तिच्याविषयी लोक अजून बोलतात. गुंडेरावांना संताजीरावांनी कोपऱ्यावरच स्कूटर बंद करून ढकलत आणायला लावली. शेजारच्या घरातला मिक्सर थांबला. इडली-पिठाच्या गाडीने भोंगा गिळला. एक कुत्रा भुंकायच्या बेतात होता, त्यानेही संताजीरावांकडे पाहून विचार बदलला म्हणतात. कुणी दोनदा विचारलं, कुणी तीनदा. त्या दिवशी सगळ्यांना ‘नको’च मिळालं.

बंद दारातून शब्द कळत नव्हते. नुसता चढउतार, मग खोकला, मग पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज, मग पुन्हा चढउतार. शेवटी आभा दार उघडून आली. डोळे पुसत म्हणाली, “थांबल्या त्या. पुढे निघत नाहीये.”

ऑपरेशन झालं. काव्या रजा काढून आली, राहिली आणि रजा संपल्यावर परत गेली. गळ्याला भोक, त्यावर पातळ कापड, आणि ‘अहो’शिवायचं घर. इस्पितळातून आल्यापासून वनजाबाईंनी लॅपटॉप उघडला नव्हता. काय काय बोलून ठेवलंय ते संताजीरावांना माहीत नव्हतं. पासवर्ड नव्हता आणि त्यांनी मागितलाही नाही.

एका रविवारी काव्याचा फोन आला तेव्हा वनजाबाईंनी लॅपटॉप जवळ ओढला, एका बोटाने पासवर्ड घातला, फोन स्पीकरवर टाकून त्याच्याशी धरला आणि पडद्यावरचं एक बटण दाबलं.

“काव्या, ऊट आय्ता ग?” खरखरीत, फुटका, पण त्यांचाच आवाज. रोज जेवणवेळेला पुण्याच्या लेकीला कानडीत विचारायचा तोच प्रश्न.

पलीकडून काव्या लहान मुलीसारखी म्हणाली, “आय्तु, आई. जेवले.” आणि नाक ओढल्याचा आवाज आला. “आई, दुखतं का ग अजून?”

वनजाबाईंनी पडद्यावरून नजर फिरवली. त्या प्रश्नाचं उत्तर देणारं बटण नव्हतं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

संताजीरावांच्या ओठांवर उत्तर तयार होतं. नाही, काही नाही, छान आहे ती. ते त्यांनी गिळलं आणि बायकोकडे वळले. “काय सांगू?”

वनजाबाईंनी हात गळ्यापाशी नेला, खाली आणला, बोटांनी काही खुणावलं.

“रात्री दुखतं. असं सांगू?”

त्यांनी मान हलवली. नाही. परत खुणावलं, चिमटीत थोडंसं अंतर दाखवलं.

“गिळताना दुखतं, पण कालच्यापेक्षा कमी. असं सांगू का?”

“अप्पा?” फोनमधून काव्या म्हणाली. “अप्पा, काय झालं? बोला ना.”

“थांब ग जरा,” संताजीराव म्हणाले. त्यांचे डोळे बायकोच्या चेहऱ्यावरून हलले नव्हते. “तिने अजून हो म्हटलेलं नाही.”