पायमोजा कंपनी

कंपनीच्या प्रत्येक गाडीवर दोन्ही बाजूंनी हातभर अक्षरांत लिहिलेलं असायचं: रस्ता फोडणार नाही. ताईने ते रागाने लिहून घेतलं होतं. कंपनी तिची, पण मालकीण कुणी म्हणत नसे. ड्रायव्हरपासून हिशेबनीसापर्यंत सगळ्यांची ती ताईच.

राग जुना होता. तिचा बाप रस्ते खोदणारा. जमिनीखालचा सांडपाण्याचा पाईप फुटला की बापाची टोळी कुदळी घेऊन जायची, रस्ता उकरायची, पाईप बदलायची आणि शिव्या खाऊन घरी यायची. लोक मोठे गमतीचे असतात. वर्षानुवर्षं पाईप सडू देणाऱ्या साहेबाला वाकून नमस्कार घालतात, आणि तो बदलायला आलेल्याच्या अंगावर खिडकीतून खरकटं पाणी ओततात. बापाच्या सदऱ्यावरचं ते पाणी ताईने बघितलं होतं. धंदा हाच करायचा, पण कुदळ न लावता करायचा, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

त्याची रीत ती दूरच्या शहरात राहून शिकून आली. जुना पाईप काढायचाच नाही. रसायनात भिजवलेली जाड कापडी नळी चेंबरमधून आत सोडायची. पाण्याच्या दाबाने ती पाईपभर उलगडत जाते. मग वाफ सोडली की कापडाचा दगड होतो, आणि सडक्या पाईपाच्या पोटात नवा कोरा पाईप तयार. वरून गाड्या चालूच.

पहिल्या खेपेला नळी अर्ध्या वाटेतच कडक झाली. तुकडे करून ओढून काढावी लागली. बापाच्या वेळचा एक मुकादम तमाशा बघायला चेंबरच्या काठावर उभा होता. तो म्हणाला, "पाईपाला पायमोजा घालायला निघालीस होय गं? मापाचा तरी घ्यायचा."

झालं. पायमोजा कंपनी हे नाव गावभर झालं. कागदावरचं खरं नाव कुणाला आठवेनासं झालं.

ताई काही घरी जाऊन बसली नाही. पुढच्या खेपेला मापाचा घातला. एक गल्ली झाली, मग बाजारामागच्या सगळ्या गल्ल्या झाल्या. मग इस्पितळाखालचा पाईप झाला, आतली एक खाट न हलवता. जे खिदळले होते तेच विचारायला लागले, "ताई, आमच्याकडे कधी?" पत्र्याच्या भाड्याच्या खोलीतून कंपनी स्वतःच्या शेडमध्ये आली. भिजवलेल्या नळ्या वेळेआधी कडक होऊ नयेत म्हणून शेडमध्ये एक थंडगार खोली बांधली गेली. पाईपात सोडायचे कॅमेरे आले, गाड्या आल्या, आसपासच्या शहरांत माणसं गेली. नवीन आलेल्याला पायमोजा कंपनीत लागलो हे सांगायला लाज वाटेनाशी झाली, उलट छाती पुढे निघायला लागली.

आता शहराची थोरली वाहिनी दुरुस्तीला निघाली होती. सगळ्या शहराची घाण पोटात घेऊन जाणारी, माणूस वाकून चालेल एवढी. ती मिळाली तर कंपनी कुठल्या कुठे जाणार होती. नगरपालिकेचे मोठे साहेब म्हणाले होते, देण्याआधी तुमचं एक काम डोळ्यांनी बघतो. शाळेजवळच्या रस्त्याचं काम ठरलं. आदल्या दिवशी तिथे नळी घालून, वाफ देऊन झाली. साहेब दुपारी येणार होते.

सकाळी सोनार कामाला बसला होता. त्याचा सोन्याशी काही संबंध नाही, हात नाजूक म्हणून पडलेलं नाव. पायमोजा घातला की घराघरातून येणाऱ्या सांडपाण्याच्या नळांची तोंडंही झाकली जातात. मग पाईपात एक छोटं यंत्र सोडून ती आतून कापून मोकळी करायची. तोंडाच्या जागी कापड जरासं दबतं आणि कॅमेऱ्यात गालावरच्या खळीसारखं दिसतं. सगळे त्याला खळीच म्हणत. सोनार गाडीत पडद्यासमोर बसून खळ्या शोधायचा आणि एकेक कापत जायचा.

"झाल्या सगळ्या," तो म्हणाला. "साहेबांना आरसा म्हणून दाखवावा असा पाईप झालाय."

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात खराटा. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, रस्ताभर मास्तरीणबाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या.

"तुमच्यात मोठं कोण आहे?"

ताई पुढे झाली. "मी. बोला ना."

"माझ्या मोरीत घोट्याएवढं पाणी आहे. ओतलेलं जात नाही, वर येतं. घरात नवरा अंथरुणाला खिळलाय. त्याला दिवसातून किती वेळा धुवावं लागतं ते तुम्हाला सांगत बसत नाही. काय ते करा."

ताई गाडीकडे वळली. सोनार आधीच कॅमेरा उलटा फिरवत होता. बाईंच्या घरासमोरचा भाग पुन्हापुन्हा बघितला. पाईप गुळगुळीत. खळी नाही.

"या घराचं तोंड आधीच कशाने तरी बुजलेलं असणार," सोनार म्हणाला. "पार काठापर्यंत. कापडाला दबायला जागाच राहिली नाही, मग खळी पडेल कुठून?"

"आणि रंग टाकला तेव्हा?" ताईने विचारलं.

सोनारने मान खाली घातली. कंपनी लहान होती तेव्हा ताई स्वतः बादलीत रंगीत पाणी घेऊन दारोदार जायची. प्रत्येक मोरीत ओतायची आणि पाईपात रंग कुठून उतरतो ते बघून खूण करायची. एकही घर सुटत नसे, कारण ज्या घरचा रंग उतरला नाही तिथे काहीतरी अडकलंय हे आधीच कळायचं.

"रंग टाकला नाही," मागून आवाज आला. ताईचा धाकटा भाऊ होता. बाहेरची कामं मिळवणं आणि माणसं नेमणं त्याच्याकडे. "अगं, एवढ्या चांगल्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं. दारोदार बादल्या घेऊन फिरायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. बंद केलं मी ते."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. एवढे रस्ते एकदम चालू होते, ताई. तुलाच तर भराभर हवं होतं."

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. थोरल्या वाहिनीच्या ओढीने तीच सगळ्यांच्या मागे लागली होती. बादली कधी गायब झाली ते तिला कळलंही नव्हतं.

"अंदाजाने कापतो," सोनार म्हणाला. "लागलं तर लागलं."

"नाही लागलं तर?"

"नव्या पाईपाला भोक."

"मग नको. बाईंचा नळ सरळ आलाय की तिरपा, तेही आपल्याला ठाऊक नाही."

धाकट्याने तिला बाजूला घेतलं. "हे बघ. बाईंच्या दारात टँकर लावतो, पाणी उपसत राहील. साहेब येतील, आरसा बघतील, जातील. उद्या गुपचूप येऊन काय फोडायचं ते फोडू. एका मोरीपायी थोरली वाहिनी घालवणार आहेस का?"

ताईने मास्तरीणबाईंच्या दाराकडे बघितलं. बाई खराट्याने पाणी उंबऱ्याबाहेर लोटत होत्या आणि ते परत आत येत होतं. कुणी ओरडत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. बापाच्या अंगावर पाणी टाकणारे निदान तोंडावर टाकत होते. ही बाई तर कंपनीने केलेली घाण स्वतः लोटत होती.

"आत्ता फोडायचा," ताई म्हणाली.

"आणि साहेब?"

"येऊ देत. खड्डा काही लपणार नाही."

"गाडीवर काय लिहिलंय ते वाच एकदा."

"मीच लिहून घेतलंय."

"निदान गाडीवर कापड तरी टाकू का?"

"गाडी आहे तिथेच राहू दे. कुदळ काढ."

धाकट्याने डोकं खाजवलं. ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. पुढची गाडी उघडली, मागची उघडली. कॅमेरे होते, वाफेचे नळ होते, कापायची यंत्रं होती. कुदळ नव्हती. शेडमध्ये फोन लावला, तिथेही नव्हती. एवढी मोठी कंपनी, आणि जमिनीत एक भोक पाडायला अख्ख्या कंपनीत एक हत्यार नाही. सोनारला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

पलीकडच्या चौकात टेलिफोनच्या तारांसाठी खोदकाम चाललं होतं. मातीच्या ढिगावर म्हातारा मुकादम बसला होता. तोच, पायमोजावाला. ताई चालत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मुकादमकाका, कुदळ पाहिजे. पहार आणि फावडंही."

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "काय गं, पायमोजा फाटला का?"

"फाटला नाही. एक बोट आत दबलंय. मोकळं करायचंय."

त्याच्या टोळीतली माणसं हसली. म्हातारा मात्र हसला नाही. तो उठला, कुदळ स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "चल. तुझ्या त्या बुटातल्या पोरांना धरता येणार आहे का ही? पायावर मारून घेतील."

आधी बाईंच्या अंगणातल्या चेंबरमधून आत सळई घातली. ती रस्त्याच्या मध्याजवळ जाऊन अडली. सळई जेवढी आत गेली त्यावरून मुकादमाने रस्त्यावर खडूने गोल काढला आणि पहिला घाव घातला. डांबर उडालं. मुकादमाच्या टोळीतल्या एकाने आणलेली दुसरी कुदळ ताईने घेतली. लहानपणी बापाला जेवण द्यायला गेली की ती उगाच खोदून बघायची. हातांना ते अजून आठवत होतं.

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा साहेबांची गाडी आली. साहेब उतरले. आधी खड्डा बघितला, मग खड्ड्यातली ताई, मग खड्ड्याच्या काठाला लावलेली गाडी आणि तिच्यावरची अक्षरं. धाकटा पुढे धावला, "साहेब, एक किरकोळ..."

"किरकोळ नाही," ताई खड्ड्यातूनच म्हणाली. "या घराचं तोंड आम्ही बुजवून टाकलं. आधी घरोघरी रंग टाकून बघायचं असतं, या रस्त्यावर बघितलं नाही. चूक कंपनीची आहे. तुम्ही येणार म्हणून काम थांबवलं नाही, कारण आत माणूस आजारी आहे."

साहेब काठावर उकिडवे बसले. "बाकीच्या रस्त्यांवर रंग टाकलाय?"

ताईने धाकट्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"जुन्यांवर टाकलाय. अलीकडच्यांवर नाही."

"म्हणजे तिथेही अशी घरं असतील."

"असतील. कुठे घर बंद असेल म्हणून अजून कळलं नसेल, कुणाचं पाणी तुंबलं असेल आणि ते नशिबाला दोष देत बसले असतील."

साहेब उठले, पँट झटकली. "सगळीकडे रंग पडला की माझ्याकडे या. तोवर मी दुसऱ्या कुणाला वाहिनी देणार नाही असं मात्र समजू नका."

"तसं नाही समजत," ताई म्हणाली आणि पुन्हा कुदळ उचलली.

गाडी निघून गेली. धाकटा खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. "गेली वाहिनी."

"बसू नकोस. घमेलं घे."

त्याने घमेलं घेतलं. नाईलाजाने का होईना, घेतलं. बूट चिखलात बुडाले तसे त्याने ते काढून गाडीखाली भिरकावले.

बाईंचा नळ लागला. मुकादमाने तो वरून फोडला. आतून सिमेंटचा गोळा निघाला, नळाच्या मापाचा, जणू साच्यातून काढलेला.

"फरशी बसवायला आलेल्या कुणा गवंड्याने घमेलं मोरीत धुतलंय," म्हातारा म्हणाला. "आणि पाठ वळवून गेलाय. असली एकेक माणसं."

"बरीच वर्षं पाणी हळूहळूच जायचं," मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, घरच जुनं झालंय."

बुजलेल्या तोंडात थोडी फट होती तोवर घर चालत होतं. पायमोज्याने ती फटही गेली होती.

आता नळाच्या आतून ड्रिलने नव्या पाईपाला छोटं भोक पाडायचं, म्हणजे सोनारला आतून जागा कळणार. ताईने ड्रिल लावलं. सगळे गाडीच्या दाराशी पडद्यावर वाकले. काळा पाईप, गुळगुळीत, काहीच नाही. ड्रिल घरघरत राहिलं. मग भिंतीत उजेडाचा एक ठिपका उमटला.

"दिसला," सोनार म्हणाला. "अंदाजाने कापलं असतं तर हातभर चुकलो असतो."

यंत्र सरकलं, कापत गेलं, ठिपक्याचा वाटोळा दरवाजा झाला. नळाचा फोडलेला भाग जोडून झाला तशी ताई खड्ड्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, ओता."

मास्तरीणबाईंनी बादली ओतली. पाणी गेलं. त्यांनी आणखी एक ओतली, तीही गेली. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मुकादम निघाला. ताईने कुदळ पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "पायमोजेवाल्यांच्याही पायात काटा जातोच."

"काका, शेडवर या उद्यापासून. प्रत्येक गाडीत एकेक कुदळ ठेवणार आहे. धरायची कशी ते शिकवा आमच्या बूटवाल्यांना."

म्हाताऱ्याने अनवाणी धाकट्याकडे बघितलं. "हा शिकेल असं वाटतं."

धाकटा हात धूत होता. "गाडीवरचं पुसायचं का आता?"

ताईने अक्षरांकडे बघितलं. "राहू दे. खाली जागा आहे. लिही: चुकलो तर आम्हीच फोडू."

"असं कुणी लिहितं का धंद्यात?"

"आपण लिहितो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं कुठलंच काम लावलं नाही. सगळ्या गाड्या झालेल्या रस्त्यांवर परत गेल्या. ताईने पहिला रस्ता स्वतःकडे घेतला. एका हातात बादली, मागे धाकटा दुसरी बादली घेऊन. तिने पहिली कडी वाजवली. झोपेतून उठलेल्या एका माणसाने दार अर्धवट उघडलं.

"काय आहे?"

"रंग टाकायचाय."

"भिंतीला? आम्ही नाही सांगितलं."

"मोरीत," ताई म्हणाली आणि पायातल्या चपला काढून आत शिरली.