पाच फुटांवर थांबलेलं तळं

आमचे सासरे कंपनीतून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून आमच्या सव्वा एकराला सुखाची झोप लागली नाही. दिनानाथ त्यांचं नाव, घरात आम्ही त्यांना मामा म्हणतो. एकतीस वर्षं ते रोह्याच्या एका कंपनीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहिण्यात जन्म गेला. आता माणसं हाताशी नव्हती, तर ते जमिनीच्या मागे लागले. पहिल्या वर्षी गांडूळखताचा हौद बांधला. त्यातली गांडुळं आमच्या कोंबड्यांनी दोन सकाळींत संपवली. दुसऱ्या वर्षी उताराला आडवे दगडी बांध घातले. ते खरोखरच छान झाले, पण मामांनी ते इतक्या जणांना इतक्या वेळा दाखवले की आमच्या निडी गावातली माणसं आमच्या शेताला वळसा घालून जायला लागली.

सासूबाई, म्हणजे बायजाबाई, प्रत्येक सुधारणेच्या वेळी एकच विचारायच्या, की ह्यात माझ्या वालाची जागा किती जाणार. भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर त्या वाल पेरतात. ना पाणी, ना खत, आणि फेब्रुवारीत टोपल्या भरतात. जमिनीला सुधारण्यासारखं काही झालेलंच नाही, असं त्यांचं मत आहे.

तिसऱ्या वर्षी सुधारणा केली ती माझ्या नवऱ्याने. निलेशने नोकरी सोडली. नऊ वर्षं तो ठेकेदाराकडून कंपनीत शिफ्ट करत होता. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची आणि आमची सहा वर्षांची किमया बापाला बहुतेक वेळा झोपलेलाच बघायची. मामांना हे अजिबात पटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. शेतात तळं खणायचं, बारा फूट खोल. त्या पाण्यावर पावसाळ्यानंतर भाजी करायची. शिमग्याला तळ्यात पाणी दिसलं तर निलेशने शेतीवर राहावं, नाही दिसलं तर गुपचूप शिफ्टला जावं. निलेश हो म्हणाला, आणि मी तर मनातल्या मनात त्याच्या आधीच हो म्हणून टाकलं होतं. नवरा दिवसा जागा आणि रात्री घरात, एवढंच मला हवं होतं.

आता माझं सांगते. मी मृणाली, पेणच्या खारेपाटातली. जिते स्टेशनला उतरून खाडीच्या बाजूला चालत गेलं की आमचं घर. दारात तळं, तळ्यात जिताडे मासे. लग्न होऊन आल्यापासून मी सासरी पाण्याबद्दल बोलायची एक संधी सोडली नव्हती. तुम्हा डोंगराकडच्या लोकांना पाणी काय कळणार, हे वाक्य मी सासूबाईंना किती वेळा ऐकवलं असेल ते त्यांनाच विचारा. त्या ऐकून घेत आणि वाल सोलत बसत.

मे महिन्यात जेसीबी आला. मामांना त्याच दिवशी पेणला रामवाडीत एका लग्नाला जावं लागलं. जाताना त्यांनी कागदावर लिहून दिलं, बारा फूट. सुशील नावाचा चालक होता, तो भराभर खणत होता. पाच फुटांवर माती बदलली. तांबडी संपून राखाडी, मऊ, चिकट माती वर यायला लागली. आमच्या खारेपाटात तळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल कुणी नेत नाही. ही राखाडी माती दिसली की हात आवरायचा, कारण तिच्याखाली खारं पाणी असतं. आमच्या शेजारच्यांनी एकदा हावेने खोल खणलं, तर खार वर आला आणि सगळं तळं नासलं. मी धावत जाऊन जेसीबी थांबवला. निलेशने विचारलं, नक्की ना. मी म्हटलं, माझं सगळं लहानपण चिखलात गेलंय, मला विचारतोस? सुशीलला नागोठण्याला दुसरं काम होतं, त्याने आनंदाने गाडी वळवली.

संध्याकाळी मामा आले ते लग्नाच्या कपड्यांतच टेप घेऊन तळ्यात उतरले. पाच फूट दोन इंच. तळाशी सगळी सैल माती पसरलेली, तिच्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. त्यांनी वर बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात निलेश म्हणाला की खाली कातळ लागला, म्हणून आपणच थांबवलं. मामा त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. निलेशने सगळं मान खाली घालून ऐकलं. रात्री मी त्याला विचारलं, खोटं कशाला बोललास? तर म्हणाला, पाणी टिकलं की सगळे विसरतील.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं आणि मी गावभर मिरवले. भेंडी, कारली, दुधी लावले. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं ते थांबेचना. संक्रांतीला मी किमयाला घेऊन माहेरी गेले आणि माझ्या बाबांना, कमळाकर त्यांचं नाव, मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी वेळेवर थांबवलं म्हणून खार वर आला नाही. बाबा जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी हात थांबवला.

"आपल्या खाली खाडी हाय," ते म्हणाले. "निडीच्या खाली काय हाय गो?"

 निडीत भरती नाही, ओहोटी नाही, मीठही दुकानातून आणतात. खार येणार कुठून? राखाडी माती राखाडी होती, एवढंच. बाबा हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. सासऱ्यांना जाऊन सांग, आणखी खोल न्या म्हणावं, एवढं बोलून ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

मी सांगितलं नाही. खरं सांगते, लाज वाटली. सात वर्षं पाण्याच्या गप्पा मारून आता मी कोणत्या तोंडाने सांगू? फेब्रुवारी लागला तेव्हा तळ्यात चिखल उरला होता आणि त्यात चार बगळे उभे असायचे. भेंडीची पानं दुपारी मान टाकायची. मामा रोज सकाळी येऊन बघायचे आणि परत जायचे. खाली कातळ आहे म्हटल्यावर आणखी खणणार तरी कसं? मग एका सकाळी निलेश कंपनीचा जुना निळा शर्ट इस्त्री करताना दिसला. ठेकेदाराचा फोन येणार होता म्हणे.  माझी चूक, आणि शिफ्टला हा जाणार.

त्याच दिवशी आम्ही सगळे शेतात वाल झोडत होतो. मी हातातली काठी खाली ठेवली.

"मामा, तळ्याखाली कातळ नाय," मी म्हटलं. "खार येईल असं वाटून मी थांबवलं. ह्यांनी माझ्यावर येऊ नये म्हणून कातळ सांगितला."

सगळ्यांच्या काठ्या थांबल्या. मामांनी निलेशकडे बघितलं आणि विचारलं, हे खरं का. निलेशने मान हलवली. मग का बोलला नाहीस, असं विचारल्यावर तो वालाची टरफलं चिवडायला लागला.

"तुम्ही हिला बोलला असता," तो म्हणाला. "मला तर रोजच बोलता. मला सवय हाय."

 मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता माझी पाळी आली असं समजून मी खांदे आवळून उभी राहिले.

"एकतीस वर्षांत एकाची गैरहजेरी मी दुसऱ्याच्या कार्डावर मारली नाय," मामा म्हणाले. "अट निलेशला होती, चूक तुझी हाय. म्हणून तळं परत खणायचं, आणि कुठं थांबायचं ते तू सांगायचं."

मी म्हटलं, मी नाही, तुम्हीच सांगा. त्यांनी ऐकलं नाही. सासूबाईंनी सूप आपटलं आणि म्हणाल्या की वाल निघालेत, जागा मोकळी आहे, काय ते उद्याच उकरा आणि मला एकदाचं झोडू द्या.

दुसऱ्या दिवशी सुशील आला. ह्या वेळी मामा कुठल्याही लग्नाला गेले नाहीत, खुर्ची टाकून काठावर बसले. सहा फूट झाले, राखाडी माती. सात, तीच. आठ फुटांवर सुशीलने पंजा वर धरून माझ्याकडे बघितलं.  सवयीने जीभ "थांब" म्हणायला आली होती. मी मामांकडे बघितलं, तर ते समोरच्या आंब्याकडे बघत होते.

"अजून," मी म्हटलं.

नऊ. दहा. दहाच्या खाली मुरमाचा थर निघाला आणि अकराव्या फुटाला त्या मुरमातून पाणी झिरपायला लागलं. आधी पंजाच्या खुणा भरल्या, मग सगळा तळ चमकायला लागला. बारा झाल्यावर मी थांब म्हणाले. मामांनी टेप टाकून मोजलं, बारा फूट एक इंच, आणि एक इंच जास्त झाला म्हणून मला बोलले. सात वर्षांत ते मला पहिल्यांदाच बोलले होते.

अर्धी भेंडी वाचली, कारली सगळी गेली, दुधीने मात्र कमाल केली. शिमग्याच्या सकाळी तळ्यात कमरेएवढं पाणी होतं. निलेश आत उतरून पंपाचा पाइप बसवत होता, मी वरून दोरी धरली होती. काठावर ठेवलेला त्याचा मोबाइल वाजला. ठेकेदार होता. निलेशचे हात चिखलाने भरलेले, म्हणून मामांनी फोन उचलला. आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो.

गेले दहा महिने कुणीही विचारलं, तुमचा निलेश काय करतो, की मामा तोंड फिरवून सांगायचे, घरीच असतो. सोयऱ्यांना तेच, गाडीत भेटलेल्या जुन्या कामगारांना तेच. 

"तो आता नाय बोलू शकत," मामा फोनवर म्हणाले. "निलेश कामावर हाय."

त्यांनी फोन ठेवला आणि पाइप वाकडा बसतोय म्हणून निलेशला ओरडायला सुरुवात केली. निलेश हो हो म्हणत राहिला. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, कारण डोळे पुसायला गेला आणि सगळा चिखल डोळ्यांत गेला. मी दोरी सोडली नाही. रडले मात्र पोटभर.