निंबाखालची ओल

थांबा गं, आधी बसू तर द्या. आणि उज्ज्वले, तू मध्ये मध्ये "मग जिंकलीस का" असं विचारायचं नाही. मी क्रमानेच सांगणार आहे.

तर चांदवडची स्पर्धा. हायवे सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी ती रेंज आहे, एका बाजूला डोंगर आणि तिन्ही बाजूंना कांदा. एप्रिल महिना, म्हणजे सकाळी आठला सुद्धा असं ऊन की बंदुकीच्या नळीला हात लावला तर चटका बसतो. आमचा खेळ माहितीय ना तुम्हाला? पुढे खड्ड्यात मशीन असतं, त्यातून बशीएवढी नारिंगी तबकडी सुसाट उडते, डावीकडे जाईल की उजवीकडे ते आपल्याला माहीत नसतं, आणि ती खाली पडायच्या आत तिचा भुगा करायचा. तिला आम्ही बर्ड म्हणतो. पंचवीस बर्डचा एक राउंड, असे पाच राउंड, दोन दिवसांत. एकशेपंचवीसपैकी पंच्याण्णव फुटले की नाव राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत. चौऱ्याण्णव फुटले की घरी.

दोन वर्षांत माझं नाव एकदाही त्या यादीत गेलं नव्हतं. ह्या वेळी प्रॅक्टिस इतकी मस्त चालली होती की मी रात्री डोळे मिटले तरी मला बर्ड फुटताना दिसायचे. मला ते नाव यादीत बघायचंच होतं. बास, दुसरं काही नाही.

आता आमचे कोच योगेश सर. सर म्हणजे पाण्याच्या बाबतीत वेडे आहेत. ग्रुपवर त्यांचा भला मोठा मेसेज येतो, प्रत्येक राउंडच्या आधी किती घोट, मध्ये अर्धं केळं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, चहा कॉफी बंद. ते म्हणतात, उन्हात जाड जाकीट घालून उभं राहिलात की पाणी आधी डोळ्यांतून जातं, हातातून नंतर जातं. म्हणजे नेम चुकायला लागतो तेव्हा आपल्याला वाटतं आपलं टेक्निक बिघडलं, आणि खरं तर आपण सुकलेलो असतो. सगळं बरोबर सांगतात ते. प्रत्येक राउंडनंतर बाटल्या बघतात. "हर्षाली, संपली?" "हो सर, संपली."

आणि माझी बाटली खरंच रिकामी असायची.

कारण मी ती रेंजच्या मागे निंबाच्या बुंध्याशी ओतायचे.

हसू नका ना! अगं, तिथे एकच टॉयलेट. पुरुषांचं. त्याला कडी नाही, आणि बरोब्बर त्याच्या दारासमोर मांडव, त्यात शंभरेक पुरुष बंदुका मांडीवर घेऊन खुर्च्या टाकून बसलेले. पोरांचं काय, आमच्या क्लबचा लखन तर सरळ कुंपणापलीकडे जाऊन येतो आणि वर मलाच म्हणतो, "हर्षे, दोन बाटल्या झाल्या माझ्या, तुझं काय?" मी काय सांगणार त्याला? आणि सरांना तरी कसं सांगायचं? शब्दच सुचत नाही गं. "सर, मला..." आणि पुढे काय? म्हणून मी आणि सविता, ती पेठची, आमच्या क्लबमधली दुसरी मुलगी, आम्ही दोघींनी कधी एकमेकींशी बोलूनसुद्धा ठरवलं नाही, पण स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघी पाणी पीत नाही. सकाळी घरून निघताना दोन घोट, मग संध्याकाळपर्यंत नुसते ओठ ओले करायचे. मला वाटायचं ही माझी हुशारी आहे. खरंच वाटायचं.

पहिला दिवस. पहिला राउंड वीस. दुसरा एकोणीस. आणि तिसरा राउंड दुपारी दीडला. मी उभी राहिले आणि समोरचा कांदा लाटांसारखा हलायला लागला. आता आमच्याकडे कसं असतं, आपण "पुल!" असं ओरडलं की समोरचा माइक तो आवाज पकडतो आणि बर्ड सुटतो. मी म्हटलं पुल. काहीच नाही. परत म्हटलं. काहीच नाही. घशातून नुसता खरखर आवाज, माइकला तो कळेचना. रेफरी म्हणाले, "मॅडम, जोरात." मागे कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा बर्ड सुटला, पण तोवर माझा खांदा ढिला पडलेला, नेम चुकला. गेला. शेवटच्या दहातले सहा गेले. सोळा!

म्हणजे पहिल्या दिवसाचे पंचावन्न. सरांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "ऊन डोळ्यांवर येत होतं सर." ते रात्री मला व्हिडिओ पाठवत बसले, ऊन डोळ्यांवर आल्यावर टोपी कशी घालायची त्याचे. मी ते सगळे बघितले. लाज वाटली, पण बघितले.

दुसऱ्या दिवशी चौथा राउंड, अठरा. एकूण त्र्याहत्तर. म्हणजे शेवटच्या राउंडला बावीस हवेत, आणि माझा स्पर्धेतला आजवरचा बेस्ट वीस. मध्ये पाऊण तास. डोकं असं ठणकत होतं की कानावरचे मफ काढले तरी आत कोणीतरी गोळ्या झाडतंय असं वाटावं. तरी सवयीने गेले निंबाकडे, बाटली उलटी केली.

"पोरी, तू त्या झाडाला रोज पाणी घालायला येती का गं?"

दचकलेच! मागे एक बाई, डोक्यावर टॉवेल, हातात घमेलं. त्यात फुटक्या नारिंगी तुकड्यांचा ढीग. रेंजवर ते तुकडे गोळा करायचं आणि खड्ड्यात बर्डची खोकी पोचवायचं काम करायच्या त्या. बायडाबाई. मी म्हटलं, "नाही मावशी, गरम झालं होतं पाणी."

"काल बी गरम झालं होतं? कालपासून तीनदा बघितलं मी. आख्ख्या रानात ह्याच झाडाखाली ओल हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "जायला जागा नाय म्हणून?"

मला ना, काय झालं माहीत नाही. दोन वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"आम्ही बी असंच करायचो," त्या म्हणाल्या. "कांदे काढायला बारा-बारा बाया जायचो. बांधावर गडीमाणसं. सकाळी जे पाणी प्यायचं ते, मग अंधार पडल्यावर. कोण किती वेळ राहती त्याच्यावर हसायचो बी. लय हुशार समजायचो सोताला." आणि एकदम म्हणाल्या, "मला दोनदा मुतखडा झाला. कळ आली का माणूस भिताडाला नखं लावतंय. डॉक्टर म्हणला, पाणी पीत जा. मी म्हणलं, पाणी तर लय हाय हो डॉक्टर."

एवढंच बोलल्या. चल म्हणाल्या आणि निघाल्या.

कुंपणाला लागूनच त्यांची कांदे साठवायची चाळ. तिच्या मागे चार पिंपं उभी करून, हिरवी नेट आणि बारदान बांधून त्यांनी आडोसा केला होता. आत फरशीचे दोन तुकडे, बादली, तांब्या. "सुनेसाठी केला," म्हणाल्या. "मी म्हणलं, माझं झालं ते झालं, हिला नको." मला चाळीच्या सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, चिमूट मीठ, साखर, लिंबू. मी लोट्याने ढोसायला लागले तर हातावर चापट! "गटागटा नको. पोटात डुचमळंल. घोट घोट घे." हुबेहूब योगेश सर! वर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मी खात बसले. कांद्याचा वास, सावली, आणि हळूहळू डोक्यातल्या गोळ्या थांबल्या. मला वाटलं, सरांना पाणी कसं प्यायचं ते माहितीय आणि ह्या बाईला बायका ते का पीत नाहीत ते माहितीय, आणि दोघं एकाच रेंजवर दोन दिवस समोरासमोरून जातायत.

तेवढ्यात स्पीकरवर माझं नाव! तिथे तीनदा नाव पुकारतात, तिसऱ्यांदाही आला नाहीत तर तुमचे बर्ड कापले जातात. आणि नेमकं तेव्हाच मला जायचं होतं. पाणी पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? पहिला पुकारा झाला होता. कालची मी असते ना, तर दात आवळून तशीच पळाले असते. मी बायडाबाईंकडे बघितलं.

"जा," त्या म्हणाल्या. "मी नेट धरती."

गेले. आत असताना दुसरा पुकारा ऐकू आला. बाहेर येऊन जी पळत सुटले, जाकिटाची चेन उघडी, ढेकळांतून ठेचकाळत. सर माझी बंदूक उघडी करून हातात धरून उभे, तोंड लाल. "कुठे होतीस?" "आलेच सर!" तिसऱ्या पुकाऱ्याला मी माझ्या जागेवर पाय ठेवला. लखन शेजारच्या जागेवर, म्हणतो, "काय गं, बस चुकली का?"

"पुल!"

ती हाक मलाच नवीन वाटली. डोंगरावर जाऊन परत आली. बर्ड फुटला, नारिंगी धूर झाला नुसता. मग दुसरा. मग तिसरा. मला ऊन लागत नव्हतं असं नाही, पण मी उन्हात होते आणि ऊन माझ्यात नव्हतं, असं काहीतरी. वीस सुटले तेव्हा फक्त दोन गेले होते. मग एक गेला. म्हणजे आता एकही चुकून चालणार नव्हतं. तेविसावा फुटला. चोविसावा खाली, डावीकडे, मी क्षणभर उशीर केला.

पंचविसावा फोडला. पण एकवीस. एकूण चौऱ्याण्णव.

हो गं. एका बर्डने.

रडले नाही मी. सर स्कोअरचा कागद घेऊन आले. आजचा एकवीस बघून ते खूश पण होते आणि हळहळत पण होते, आणि त्यांनी बोट ठेवलं कालच्या सोळावर. "इथे घालवलंस तू. इथे काय झालं ते मला कळतच नाही. ऊन म्हणू नको."

लखन उभा होता, सविता होती, अजून चार पोरं होती. मी म्हटलं, "सर, आत्ताचं सोडलं तर मी दोन वर्षांत एकाही स्पर्धेत पाणी प्यायले नाहीये. इथे बायकांना जायला जागा नाही. मी बाटली ओतून द्यायचे."

मग सविता बारीक आवाजात म्हणाली, "सर, मी तर सकाळी चहापण घेत नाही."

सरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी रोज बाटल्या बघायचो." बस्स. आम्ही नाशिकला निघालो. पिंपळगावच्या टोलनाक्याच्या अलीकडे त्यांनी एकदम गाडी हॉटेलात घातली आणि आम्हा दोघींना विचारलं, "इथलं बरं आहे का बघून या, मग पुढे जाऊ." आम्ही जाऊन आलो. पण एका बर्डने गेलं ते माझ्या डोक्यातून जात नाही गं. एक बर्ड कोणता, ते मला माहितीय. चोविसावा नाही तो. तो पहिल्या दिवसाचा, ज्याच्यासाठी मी तीनदा ओरडले आणि माइकने ऐकलंच नाही.

पुढची स्पर्धा सप्टेंबरात, घोटीकडे नवीन रेंज होतेय तिथे. मी फॉर्म मागवायच्या आधी फोन केला. म्हटलं, बायकांचं टॉयलेट आहे का? तिथल्या माणसाने आधी माझं नाव विचारलं. मग म्हणाला, "विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला. तिसऱ्या दिवशी सविताने केला. चौथ्या दिवशी सरांनीच केला म्हणे, आम्हाला न सांगता.

आज सकाळी मी फोन लावला तर मी हॅलो म्हणायच्या आत तो म्हणतो, "मॅडम, खड्डा खणून झालाय. भिंती पण होतील. दाराचं अजून बघतोय."

मी म्हटलं, बरं, मग उद्या परत करते.