माडीवरचं पाणी

दिंद्रुडात अर्जुनरावांचं नवं घर उभं राहिलं, तेव्हा बघायला येणारी माणसं दारातच थबकायची आणि मान वर करायच्या ऐवजी खाली घालायची. खांब, कमानी, माडी, हे सगळं मागून. आधी जमीन. निजामाच्या अमलातल्या त्या मुलखात दगडी फरशी बघायची तर देवळात नाहीतर कचेरीत. घरात आपली मातीची जमीन, शेणानं सारवलेली. अर्जुनरावांनी मात्र हैदराबादेत कुणाच्या तरी बैठकीत रंगीत फरशी बघितली आणि ती त्यांच्या डोक्यातच बसली. मुंबईकडून आगगाडीनं सेलूच्या स्टेशनात, तिथून कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं, गोदावरी उतरून ती फरशी गावात आली. कडेनं निळी वेल, मधोमध पांढऱ्या पाकळ्यांचं फूल. वर माडीला वेगळा थाट होता. ती धाकट्या भावाची, रामकिसनची. तिथं सागवानी फळ्यांची जमीन केली होती, आणि तिच्यावरून चाललं की पायाखाली कुणी हळूच हुंकार द्यावा तसा आवाज यायचा.

शिवकन्या ही रामकिसनची बायको. नवी नवरी. माहेर शिरूर कासारकडचं, म्हणजे पाण्याच्या नावानं खडखडाट. तिथं तोंड धुतलेलं पाणी झाडाला जायचं आणि भांडी राखेनं कोरडीच घासायची. इथं परसात भरलेली विहीर. मोटेचं पाणी थारोळ्यात धबकन पडायचं, तेव्हा हातातलं काम टाकून शिवकन्या बघत उभी राहायची. पहिल्या आठवड्यात तर तिनं दोनदा न्हाऊन घेतलं होतं, उगीचच.

घरात थोरली जाऊ छबुबाई. हाडापेरानं दणकट, बोलायला कमी, कामाला वाघ. तिच्या हाताचं सारवण सगळ्या गावात नावाजलेलं. लग्नघरातून तिला बोलावणं यायचं. ओल्या शेणावर बोटांच्या कमानी अशा एकसारख्या उठायच्या की पाय ठेवायला जीव धजू नये. त्या बाईच्या घरात फरशी आली आणि तिचे हात एकदम मोकळे पडले. नव्या घरात पहिली पहाट झाली. छबुबाई उठली, अंगण सारवलं, आत आली, आणि तिला काही केल्या चैन पडेना. जमीन न सारवता देवापुढं दिवा लावायचा कसा? तिनं पाटी उचलली आणि निळ्या वेलीवरनं, पांढऱ्या फुलावरनं शेणाचा हात फिरवला. अगदी मन लावून.

अर्जुनराव उठून आले तेव्हा मुंबईची फरशी गडप झाली होती. ते काही रागावले नाहीत, नुसते डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसले. फरशी बसवणारा गवंडी अजून परसातलं काम उरकत होता. त्याला बोलावलं. तो म्हणाला की हिला फक्त केरसुणी, साधं पाणी आणि कोरडं फडकं लागतं, दुसरं काही न्हाई. छबुबाई मुकाट्यानं धुवायला बसली. आणि नेमकी त्याच वेळी जिन्यात उभ्या असलेल्या शिवकन्येला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी आवाज फुटलाच.

छबुबाईनं वर बघितलं. पुन्हा खाली मान घालून धुवत राहिली. पण त्या दिवसापासून तिचं धाकट्या जावेशी बोलणं बंद झालं. काही सांगायचंच झालं तर ती भिंतीला सांगायची. पीठ दळून व्हायला पाहिजे, असं चुलीकडं बघून म्हणायची, आणि शिवकन्या जात्याकडं पळायची. त्यात पांढऱ्या पाकळ्यांवर शेणाचा हिरवट डाग राहून गेला होता. छबुबाई तो राखेनं घासायची, चिंचेनं घासायची. डाग हटेना आणि फरशीचं तेज तेवढं उतरत चाललं. येणारेजाणारे विचारायचे, तेव्हा तिचा चेहरा बघवत नसे.

मार्गशीर्षात तुरी खळ्यावर आल्या. भुसा उडून माडीवर यायचा आणि फळ्यांवर करडा थर बसायचा. रामकिसन रानात गेला होता. शिवकन्येनं केर काढला, तरी फळ्या मळकटच दिसत होत्या. तिच्या मनात आलं, खाली फरशी पाण्यानं धुतात तर वर कावून धुवू नये? विहीर तर भरलेली. तिनं घागरी वर नेल्या, लुगड्याचा ओचा खोचला आणि पहिली घागर उपडी केली.

काय झालं ते बघून ती तिथंच उभी राहिली. करडं लाकूड जागं झालं होतं. फळ्यांतून मधाचा रंग वर आला, त्यात तांबूस रेघा, नदीला वळणं असावीत तशा. तिनं दुसरी घागर ओतली, मग तिसरी. खराट्यानं पाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकललं. पाय घसरला तेव्हा ती पडली नाही, उलट मुद्दाम पुन्हा घसरली. जन्मात पहिल्यांदा ती पाण्याशी खेळत होती आणि टोकायला कुणी नव्हतं. पाणी कुठं जातंय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते फळ्यांच्या फटीतून खाली जात होतं. आणि खाली, नेमक्या त्याच घटकेला, फेरीवर आलेले गिरदावर साहेब लोडाला टेकून बसले होते. सारा-वसुली तपासणारे दरबारी साहेब, अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रूमी टोपी. अर्जुनराव त्यांना फरशीची हकीकत सांगत होते. पहिला थेंब टोपीवर पडला तेव्हा साहेबांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग धारच लागली. टोपीचा रंग सुटला आणि कपाळावरून, नाकावरून लाल ओघळ दाढीत उतरू लागले. अर्जुनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

खालचं बोलणं एकदम थांबलं, म्हणून शिवकन्या वाकली आणि फटीला डोळा लावला. खाली लाल टोपी दिसली, भिजलेली.  आता दीर काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, बैलगाडीत बसवून शिरूरला तर पाठवणार नाहीत? ती ओल्या फळ्यांवर तशीच बसली, आणि जिन्यात पावलं वाजली. जड पावलं होती. छबुबाईची.

छबुबाई दारात आली. तिनं भिजलेली जाऊ बघितली, उपड्या घागरी बघितल्या, खराटा बघितला. शिवकन्येनं हात जोडले. म्हणाली, "आक्का, चुकलं माझं. मला न्हाई ठावं पाणी खाली जातं ते."

 छबुबाईनं एक पाय आत टाकला, तो सरकला. तिनं चौकट धरली. मग तिची नजर फळ्यांवर गेली, त्या मधाच्या रंगावर, आणि तिथंच खिळली. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. शिवकन्येला वाटलं, संतापानं थरथरतेय. पण छबुबाई हसत होती. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता ती चौकटीला धरून खाली बसली, त्याच ओल्यात.

"अगं, मी फरशी सारवली," ती म्हणाली, "अन् तू माडी न्हाऊ घातलीस. आपल्या दोघींच्या हाती हे घर देणारा खरा येडा."

मग मात्र दोघींचाही धीर सुटला. खाली साहेबांनी तो हसण्याचा आवाज ऐकला. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, लाल झालेला रुमाल बघितला, आणि तेही हसले. टोपी खाली ठेवून म्हणाले, "अर्जुनराव, बाहेर तर लख्ख ऊन हाय. ह्यो पाऊस तुमच्या एकट्याच्याच घरात पडतो काय?" छबुबाईनं गरम चहा आणि कोरडं फडकं पाठवलं. जाताना साहेबांनी आपल्या औरंगाबादच्या घरची गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांच्या माडीलाही फळ्याच होत्या, आणि साहेबांची आई लाकडाला कधी पाणी लागू द्यायची नाही. वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजायची.

जवस तर घरच्याच रानातला. तेल्याकडून घाण्याचं ताजं तेल आलं. लाकूड चांगलं वाळलं, तेव्हा एका सकाळी दोघी जावा गुडघ्यावर बसल्या. शिवकन्येला वाटलं, पाण्यासारखंच, जितकं जास्त तितकं बरं. तिनं सढळ हातानं तेल ओतलं. त्या दिवशी रामकिसन दुपारी रानातून आला आणि जरा पडावं म्हणून तसाच फळ्यांवर आडवा झाला. उठायला गेला तर धोतर जमिनीला चिकटलं होतं. तो तिथूनच हाका मारत राहिला आणि दोघी जिन्यात बसून हसत राहिल्या, कुणीच वर जाईना. शेवटी छबुबाईनं जाऊन दिराला सोडवलं. मग कोरड्या फडक्यांनी जादा तेल टिपून काढलं, उरलेलं पातळ करून चोळलं, खिडक्या उघड्या टाकल्या आणि वाऱ्याला काम करू दिलं. तेल लाकडात मुरलं. वरून हात फिरवला तर कोरडं, गुळगुळीत, आणि रंग तोच, पाण्यात भिजल्यावर दिसला होता तो. आता तो जाणार नव्हता.

खालच्या फरशीचं कोडं शिवकन्येनं सोडवलं, तेही ध्यानात न येता. बैलांना करडीची पेंड घालून ती आत आली आणि पेंडीचे हात तसेच फरशीला टेकून छबुबाईजवळ बसली. उठली तेव्हा हातांखालची जागा चकाकत होती. छबुबाईनं ते बरोबर हेरलं. तिनं पेंड कुटली, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि पाकळ्यांवर गोल गोल घासायला लागली. हात तोच होता, सारवणाचा, दंडापासून फिरणारा, न थकणारा. कितीतरी दिवसांनी त्या हाताला त्याचं काम मिळालं होतं. पेंडीच्या रवाळपणानं डाग ढिला झाला आणि तिच्यातल्या जराशा तेलानं फरशीला तेज आलं. मग कोरडं फडकं. संध्याकाळपर्यंत पांढरं फूल पांढरं झालं. अर्जुनराव चिलीम घेऊन आत येत होते, ते दारातूनच परत फिरले आणि पाय धुऊन आले.

छबुबाईनं भिंतीशी बोलणं कधी सोडलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शिवकन्या तिच्याकडून अंगण सारवायला शिकत होती. तिच्या कमानी अजून वेड्यावाकड्या यायच्या आणि छबुबाई त्या मोडायची नाही, नुसती म्हणायची, "लई घाई हाय तुझ्या बोटांला."

संक्रांत आली. या वर्षी हळदीकुंकू माडीवर करायचं, असं छबुबाईनंच ठरवलं. गावातल्या बायका आल्या. सुभद्राबाई आली, कडूबाई आली, पाठोपाठ सगळी आळी आली. जिना चढून वर आल्या की पहिल्यांदा अनवाणी तळवा फळीवर दाबून बघायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. तीळगूळ झाला, नाव घेणं झालं. कडूबाई जरा अवखळ होती. तिनं एकदा टाच आपटून बघितली. धम्म. अख्खी माडी बोलली.

मातीच्या जमिनीवर जन्म गेलेल्या बायकांनी असा आवाज कधी ऐकला नव्हता. कडूबाईनं पुन्हा टाच आपटली, आणि कुणी काही म्हणायच्या आत शिवकन्येचे हात धरून फुगडी धरली. फळ्या ढोलासारख्या घुमायला लागल्या. मग दुसरी जोडी उठली, तिसरी उठली. हातातल्या बांगड्या, पायातली जोडवी, आणि खालून लाकडाचा ठेका. शिवकन्या गरगरत होती आणि तिला कडेला उभी असलेली छबुबाई एकदा दिसायची, एकदा नाहीशी व्हायची. तिनं कडूबाईचे हात सोडले, झोकांड्या देत जावेपाशी गेली आणि हात पुढं केले.

छबुबाई म्हणाली की माझं वय का आता फुगडीचं? पण पदर तिनं आधीच खोचला होता.

खाली बैठकीत अर्जुनराव आणि रामकिसन बसले होते. डोक्यावर धडाधड चाललं होतं. रामकिसननं वर बघितलं आणि भावाला विचारलं, फळ्या टिकतील ना?  अर्जुनरावांनी लोड जरा भिंतीकडं सरकवला, टेकून बसले, आणि मांडीवर बोटांनी तोच ठेका धरला.