पाण्यापर्यंत चाललेली म्हैस

मी म्हैस बोलतेय. हसू नका. मातीची आहे, वीतभर आहे आणि सध्या तर अर्धीच उरले आहे. पण म्हैस ती म्हैसच. शाळेच्या लोखंडी कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी पडून असते. कुणी विचारपूस करत नाही, म्हणून आपणहूनच सांगते.

माझा जन्म सिद्धेश्वर धरणाच्या गाळातला. काळा, लोण्यासारखा गाळ. दिवाळीनंतर नाहिदनं तो डब्यात भरून शाळेत आणला आणि मला घडवलं. नाहिद म्हणजे दहावीतली पोरगी. औंढ्याला देवळाच्या वाटेवर फारुकभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे ना, त्यांची लेक. बोलायला कमी, पण हातात जादू. माझी शिंगं तिनं अशी वळवली की खऱ्या म्हशीला हेवा वाटावा.

त्या वर्षी शाळेत पुनम मॅडम आल्या होत्या. तासिकेवरच्या बाई, वर्षापुरत्या. शाळेतले कॉम्प्युटर कधीचेच बंद पडलेले, त्यांच्यात पालींचा संसार. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या ते. घरचा मोबाइल आणा अन् माती आणा. आपण ॲनिमेशन शिकू." युक्ती साधी होती. माझा पाय जवभर पुढं सरकवायचा, फोटो काढायचा. परत जवभर, परत फोटो. असे शेकडो फोटो भराभर दाखवले की माती चालायला लागते. बाकीच्या पोरांनी चेंडू उडवले, गाड्या पळवल्या आणि चार दिवसांत कंटाळली. नाहिद मात्र चिकटून राहिली.

तिचं कारण वेगळं होतं. दहावीनंतर नांदेडला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहून तिला हेच शिकायचं होतं. घरी विषय काढला तेव्हा फारुकभाई म्हणाले होते, "पाण्यात म्हैस अन् वर मोल, असला सौदा मी करत न्हाई. आधी म्हैस दाव. चालली, तर नांदेडला मी स्वतः सोडून येतो. न्हाई तर दुकान हायच." फारुकभाई शब्दाचे पक्के. पोरीनंही ते असं मनावर घेतलं की खरोखर म्हैसच केली. म्हणजे बघा, तिचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या चार पायांवर. एवढं ओझं खऱ्या म्हशीवरसुद्धा कुणी लादत नाही.

सिनेमा एवढाच होता: टेबलाच्या एका टोकाहून मी निघायचं, धरणापर्यंत जायचं आणि पाण्यात बसायचं. धरण म्हणजे निळी प्लॅस्टिकची पिशवी. फारुकभाईंचा मोबाइल विटांना दोरीनं बांधलेला. तो जरा हलला की सगळं मुसळ केरात. नाहिद श्वास रोखून माझा पाय सरकवायची. मी वाळू नये म्हणून रोज ओलं फडकं पांघरायची. आईनंसुद्धा इतकं जपलं नसतं.

शाळा झाडणाऱ्या शकुबाई झाडू घेऊन दारात थबकायच्या. "आगं पोरी, एकाच म्हशीचे किती फोटो काढशील? तिचं काय लगीन ठरलंय का?"

"चालवून राहिले तिला, मावशी."

"कुठं? मला तर उभीच दिसून राहिली!"

एका शनिवारी नाहिदनं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि भराभर बोट फिरवलं. काय सांगू तुम्हाला! मी चालत होते! मान हलत होती, शेपटी उडत होती, आणि चाल कशी, तर घाई नाही, कुणाची भीती नाही. "बघितलंस?" ती मला म्हणाली. आम्ही दोघींनीच बघितलं.

मग शेवटचा भाग आला. मी पाण्यात बसत चालले आहे असं दाखवायचं, तर माझे पाय खालून थोडेथोडे कापायचे आणि मला पिशवीच्या चिरेत खाली खाली बसवायचं. नाहिदनं सुरी उचलली आणि परत खाली ठेवली. अगं, काप, मी मनात म्हटलं, चालून झालंय माझं, आता पायांचं काय काम? तिनं कापले. खूर गेले, गुडघे गेले, पोट गेलं. शेवटच्या फोटोत माझी पाठ, शिंगं आणि नाकपुड्या एवढंच वर होतं. त्या दिवशी ती पोरगी किती खूश होती!

आता फक्त फोटो जोडायचे राहिले होते. खरं तर ते आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवायचे होते. मॅडम दर शनिवारी म्हणायच्या आणि दर शनिवारी नेमकी लाइट गेलेली असायची. त्यांचा लॅपटॉप वायर लावल्याशिवाय चालायचा नाही. "जाऊ दे, शेवटच्या दिवशी सगळंच करू," असं ठरलं.

शेवटच्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. फारुकभाई दुकान बंद ठेवून आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मॅडमसाठी कागदात गुंडाळलेल्या डझनभर बांगड्या. आणि नशीब बघा, त्या दिवशी लाइट होती.

नाहिदनं मोबाइलसाठी हात पुढं केला. फारुकभाईंनी तो दोन्ही हातांनी तिच्या हातात ठेवला आणि मॅडमकडे बघून हसले.

"मॅडम, फोन लई अटकून राहिला होता. लेकराला फोटो काढायला तकलीफ व्हायची. काल दुकानात बसून मी समदा साफ करून दिला. काय सांगू, एकाच म्हशीचे कितीक फोटो! बोट अडकलं असंल बटनावर. त्यातला एक झकास निवडून ठेवला, बाकीचे उडवले. कचऱ्याची पेटी बी रिकामी केली. आता बघा कसा पळतो!"

मॅडमच्या हातातली वायर तशीच राहिली. नाहिदनं मोबाइल उघडला. एकच फोटो होता. सगळ्यात पहिला, मी चार पायांवर उभी असलेला.

"अहो, ते फोटो म्हणजे तर..." मॅडम बोलायला लागल्या. नाहिदनं त्यांचा हात घट्ट दाबला. मग ती अब्बांकडे बघत राहिली. त्या माणसाच्या तोंडावर इतका आनंद होता! पोरीचं काहीतरी काम हलकं केल्याचा आनंद.

"मग? दाव की तुझी म्हैस," फारुकभाई म्हणाले. "चालली का?"

"न्हाई, अब्बा," नाहिद म्हणाली. "न्हाई जमलं मला. ती चालतच न्हाई."

"अन् ही अशी अर्धी काहून?"

"मोडली."

फारुकभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, बेटा. समद्यांना समदं जमत न्हाई. बरं झालं, आधीच कळलं. दुकान हाय ना आपलं."

मी आतल्या आत ओरडत होते. खोटं बोलतेय ती! मी चालले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले! पण मातीचं कोण ऐकतं? आणि ऐकलं असतं तरी, त्या बापाला ते सांगायची हिंमत माझ्यातही नव्हती. पुन्हा चालायला पाय नव्हते, आणि मॅडमचं वर्षही संपलेलं. जाताना त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि दार लावताना डोळे पुसले.

माणसांचं मला नवल वाटतं. फोटो कमी करायची वेळ आली की देखणा तेवढा ठेवतात, बाकीचे सारखेच म्हणून उडवतात. ते सारखे नव्हते हो. प्रत्येकात मी जवभर पुढं होते.

परवा शकुबाई कपाट पुसता पुसता दुसऱ्या बाईला सांगत होत्या. बांगड्या भरायला औंढ्याला गेल्या होत्या. "फारुकभाईनं त्यो म्हशीचा फोटो मोठा करून दुकानात लावलाय. गिऱ्हाईक आलं की म्हनतो, माझ्या पोरीनं बनवली. लई झ्याक दिसती बाई, चारी पाय हुबेहूब! अन् पोरगी त्या फोटोकडं पाठ करून बांगड्या भरती."

"काही बोलली का?"

"न्हाई. निस्तं म्हनली, हात ढिला सोडा, मावशी."

आता मला तडे गेले आहेत. ओलं फडकं पांघरणारं कुणी उरलं नाही. एक शिंग गळून पडलंय. उद्या कुणी कपाट रिकामं करेल तेव्हा मला केरात टाकू नका, एवढंच मागणं आहे. सिद्धेश्वरला कुणी जाणारं असेल तर खिशातून न्या आणि काठाशी पाण्यात सोडा. विरघळायला मला वेळ लागणार नाही. फोटोबिटो काही काढू नका.

नाहिदनं मला पाण्यापर्यंत नेलं होतं. तिच्याशिवाय ते कुणी बघितलं नाही, आणि ती आता कुणाला सांगत नाही.