बाण नसलेली फाइल

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कमळाकर नऊ वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. युनिक्सच्या त्या मशीनमध्ये प्रिंटरची फाइल एकीकडे, टर्मिनलची भलतीकडेच. कुठली सेटिंग कुठे बसलीय हे फक्त त्यालाच ठाऊक. अडलं की साहेबसुद्धा त्याच्या टेबलाशी येत.

सत्त्याण्णव साली बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली अंजना कामाला लागली. महिन्याभरात तिने सेटिंगच्या सगळ्या फाइली एका डिरेक्टरीत, एकाच कप्प्यात आणल्या आणि जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवल्या. म्हणजे तिथे नुसता पत्ता. त्यावरून मशीन खऱ्या फाइलीपर्यंत जायचं. बदल एकाच ठिकाणी करायचा.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे आपल्याला नऊ वर्षांत सुचलं नाही."

त्यातलं "आपल्याला" कमळाकरला चांगलंच झोंबलं. अंजनाच्या टेबलाशी कोणी हसलं तरी त्याचा जीव जळायचा. एका दुपारी ती जेवायला गेली असताना त्याने प्रिंटरची लिंक उडवली आणि तिथे आपली जुनी फाइल ठेवून दिली. आता मशीन तीच वाचणार होतं.

चार दिवसांनी नवा प्रिंटर आला. अंजनाने आपल्या फाइलीत सेटिंग बदलली, तरी मालाची चलनं वेडीवाकडीच छापून यायला लागली. गेटवर दोन ट्रक खोळंबले. साहेब तिला नको ते बोलले. ते ऐकून कमळाकरला बरं वाटलं, पण थोडंच.

मग ती त्याच्याकडेच आली. "सर, बघता का जरा? माझं डोकंच चालेना."

त्याने जुन्या जागांची यादी काढली. प्रत्येक लिंकपुढे बाण आणि खरा पत्ता होता. प्रिंटरच्या नावापुढे काहीच नव्हतं. अंजनाचं बोट तिथे थांबलं.

"ही लिंक नाहीये. कोणीतरी फाइल ठेवलीय."

"मी ठेवली," कमळाकर म्हणाला. तोंडातून कसं निघून गेलं, त्यालाही कळलं नाही.

तिने यादीवरचं बोट काढलं. मग म्हणाली, "काढा ती. लिंक तुम्हीच लावा."

"मला ती कमांड येत नाही."

तिने एकेक अक्षर सांगितलं, त्याने टाइप केलं. आधी खरी फाइल, मग लिंकचं नाव. चलनं सरळ आली.

साहेबांनी विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "एक लिंक गेली होती. लावली." तिने तक्रार केली असती तर तो भांडला तरी असता. संध्याकाळी त्याने ती कमांड वहीत उतरवली, आणि लिहितानाही त्याला तिचा हेवाच वाटत राहिला.