टायरला तीन हात पॉलिश

मित्रांनो, ओळखलंत का मला? एका लहानशा मोटरसायकलचा मी मागचा टायर. जुना आहे, झिजलेला आहे, पण हुरूप अजून तोच! गाडी घेताना लोक रंग बघतात, आरसे बघतात, हॉर्न वाजवून बघतात. ज्याच्या जिवावर ती रस्त्यावर उभी राहते, त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. आम्हांला धड नावही नसतं. गाडीबरोबर कारखान्यातूनच बसून आलो म्हणून सगळे आम्हांला नुसते ‘कंपनीचे टायर’ म्हणतात.

कारखान्यातली मला आठवते ती फक्त उष्णता. काळ्या रबराचा मऊ गोळा म्हणून मी साच्यात शिरलो आणि नक्षीदार होऊन बाहेर पडलो. अंगभर खोल खाचा आणि रबराचे बारीक बारीक केस! साच्यातून सहज सुटावं म्हणून लावलेला बुळबुळीत लेपही अंगावर होता. नव्या टायरवर तो असतोच. पहिले काही दिवस गाडी जपून चालवली, की रस्ताच तो खरवडून काढतो.

माझ्या मालकिणीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून ती एका जागी ठरतच नसे. आणि काम काय मिळालं, तर रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये दिवसभर बेसिनपाशी उभं राहून काचेच्या नळ्या धुण्याचं! एके दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, “अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन रक्त घेऊन येईल असं माणूस मला हवंय. सुई टोचायला तू शिकलीच आहेस. सोमवारी पक्कं लायसन्स दाखव, काम तुझं. नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल.” भिंगरी त्या दिवशी घरी आली ती नाचतच. गाडी दारात होती. लायसन्सची परीक्षा तेवढी राहिली होती.

तिचे बाबा लाकडी सामानाला पॉलिश करत. हातात मऊ फडकं आणि खिशात काचपेपरचा खरखरीत तुकडा असल्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. निस्तेज वस्तू दिसली, की त्यांचे हात शिवशिवत. त्यांच्या घरातलं टेबल चकाके, दारं चकाकत, लाकडी जिनासुद्धा चकाके. आई कठडा घट्ट धरून जिना उतरायची आणि म्हणायची, “एक दिवस इथे माझं हाड मोडणार, आणि तुम्ही तेसुद्धा पॉलिश करून बसवाल!”

आणखी एक होता, भिंगरीचा आतेभाऊ. न विचारता सल्ला देतो म्हणून त्याचं नावच सल्लागार पडलं होतं. तो आला, की बुटाच्या टोकाने मला ढोसायचा. “कंपनीचे टायर म्हणजे नुसती साबणाची वडी. काढून टाक. रुंद आणि मऊ टायर घाल, बघ कसे रस्त्याला चिकटतात!”

आता मान्य आहे, माझं रबर जरा कडक आहे. ओल्या फरशीवर मला घाई चालत नाही. पण मऊ टायर लवकर झिजतो आणि मी टिकतो! शिवाय कोरड्या रस्त्यावर, हवा नेमकी असताना, वळणात मी कोणाला दगा दिलेला नाही. भिंगरीने सल्लागाराचं ऐकलं नाही. ती रोज मैदानात गाडी नेऊन आठचा आकडा गिरवत राहिली. परीक्षेत हाच आकडा काढायचा होता, पाय जमिनीला न टेकवता.

परीक्षेच्या दिवशी बाबा सगळ्यांच्या आधी उठले. लेकीच्या एवढ्या मोठ्या दिवशी तिची गाडी मळकी कशी जाईल? टाकी पुसून झाली, आरसे झाले, आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मेणाच्या पॉलिशची डबी उघडली, फडकं फिरलं. एक हात, दुसरा हात, तिसरा हात! पुढच्या चाकावरचा माझा जोडीदार आणि मी, दोघेही खाचांसकट चकचकीत झालो. मला तोंड असतं, तर मी बोंब मारली असती. पण खरं सांगू? इतक्या मायेने मला आजवर कोणी हात लावला नव्हता. राग यायचा तरी कसा?

मैदानापर्यंत गाडी सल्लागाराने चालवली आणि भिंगरी मागे बसली. बाबा बसने आले. रस्ता सगळा सरळ होता, आणि सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला पट्टा टेकतो. तेवढा घासून साफ झाला, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही. कडांवर मात्र पॉलिश तसंच होतं. आठचा आकडा काढताना गाडी कलते आणि टायर नेमका त्या कडांवरच येतो, मित्रांनो!

परीक्षकांनी शिट्टी वाजवली. भिंगरी सुरेख निघाली. पहिल्या वळणावर गाडी कलली, मी कडेवर आलो, जमीन धरायला गेलो आणि सर्रकन घसरलो. तिचा पाय खाली आला.

“पाय टेकला! बाजूला व्हा. पुढची गाडी!”

“मी सांगितलं नव्हतं?” सल्लागार लगेच सुरू झाला. “कंपनीचे टायर!”

अपमानाने मी आतून पेटलो. भिंगरी मात्र परीक्षकांपाशी पोचलीसुद्धा. “साहेब, एकदा परत बघा ना. सोमवारी लायसन्स नाही दाखवलं, तर माझं काम जाईल.”

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. “रांग संपल्यावर या. पण शेवटची गाडी झाली, की मी निघालो. थांबणार नाही.”

भिंगरी रडत बसली नाही. ती माझ्यापाशी उकिडवी बसली, माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. तो वास तिच्या घरच्या टेबलाचा होता, दारांचा होता, जिन्याचा होता.

“बाबा, टायरला पॉलिश केलंत?”

“तीन हात!” बाबा अभिमानाने म्हणाले. मग त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं, घसरल्याच्या खुणेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “अरे देवा! मी घसरवलं का तुला?”

“ते मागाहून बघू. खिशात काचपेपर आहे ना?”

होता! कधी नव्हता? गाडी स्टँडवर चढली. भिंगरी चाक फिरवू लागली, बाबा माझ्या कडांवर काचपेपर दाबून धरू लागले. खर्र, खर्र, खर्र! अंगाची आग होत होती आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. घासा, बाबा, आणखी घासा! सल्लागारालाही राहवेना. बाही सरसावून तो मूठमूठ वाळू आणून पुढचं चाक घासायला बसला. कागद फाटला, तेव्हा बाबांनी तुकड्यांनी घासलं. भिंगरीने पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली आमच्यावर ओतली आणि ओढणीने आम्हांला कोरडं केलं. रांग आटत चालली होती.

“जन्मभर चकाकी आणली,” बाबा धापा टाकत म्हणाले, “घालवायला आज शिकलो.”

शेवटची गाडी वळून आली. परीक्षकांनी कागद आवरले. “साहेब, आलेच!” म्हणत भिंगरीने किक मारली.

मित्रांनो, ती फेरी मी कशी विसरेन! पहिलं वळण आलं, गाडी कलली, मी कडेवर आलो आणि जमीन धरली. धरली मी! खाचेन् खाच मातीत रुतली. दुसऱ्या वळणावरही मी हललो नाही. पुढचा जोडीदारही पठ्ठ्या निघाला. आठ पुरा झाला आणि तिचे दोन्ही पाय गाडीवरच होते.

“मग मघाशी काय झालं होतं?” परीक्षकांनी विचारलं.

“वडिलांची माया, साहेब,” ती म्हणाली. सही करतानाही ते हसत होते.

सोमवारपासून भिंगरी खरोखर भिंगरी झाली. मागे रक्ताच्या नळ्या ठेवायला बर्फाचा डबा बांधायचा आणि गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचं. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांना लांबूनच आमच्या गाडीचा आवाज कळे. ती माझी हवा बघे, खाचांत अडकलेले खडे काढी. मला पंख फुटल्यासारखं वाटे! सल्लागारसुद्धा लोकांना सांगू लागला, “कंपनीचे टायर असावेत तर असे.”

पण काम वाढलं आणि माझ्याकडे बघणं कमी झालं. सरळ रस्ते तुडवून माझा मधला पट्टा सपाट झाला, खाचा उथळ झाल्या. वळताना मी अडखळू लागलो. गॅरेजवाल्याने बदला म्हटलं, तर भिंगरी त्याच्यावरच उखडली. “याने मला पास केलंय. हा माझा लाडका आहे.” मला केवढं बरं वाटलं! आणि केवढी भीतीही वाटली, कारण आता मी तिला कधीही पाडलं असतं.

एके सकाळी ती डबा बांधत होती. बाबा आता थकले होते. ते ओट्यावरून उतरले, वाकले आणि त्यांनी माझ्यावरून तळहात फिरवला. तो हात तसाच थांबला.

“आज गाडी काढायची नाही.”

“का हो बाबा?”

“हा चकाकतोय.”

भिंगरी हसली. “मग? तुम्हांला तर चकाकलेलंच आवडतं!”

“टेबल आवडतं, दार आवडतं,” बाबा म्हणाले. “याच्यावर माझी लेक बसून जाते.”

तिनेही माझ्यावरून हात फिरवून पाहिला. डबा सोडला आणि चालतच निघाली. संध्याकाळी नवा टायर आला, रबराच्या केसांसकट.

मित्रांनो, आता मी बाबांच्या कामाच्या खोलीत असतो. त्यांनी माझ्यावर फळी ठोकून बसायला स्टूल केलंय, आणि फळीला तीन हात पॉलिशही! येणारा प्रत्येक पाहुणा त्यावरून घसरतो आणि मी मनातल्या मनात हसतो. तुमच्या घरीही कोणीतरी रोज सकाळी घाईघाईने गाडी काढत असेल. त्यांना क्षणभर थांबवा. टायरवरून हात फिरवा, अगदी बाबांनी फिरवला तसा. हाताला खाचा लागल्या, तर जाऊ द्या. गुळगुळीत लागलं, तर किल्ली काढून घ्या आणि खुशाल भांडा. संध्याकाळी ते माणूस घरी परत यायला हवं ना!